पाचवी चिमणी

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

परवा उपासनेनंतर भायखळा स्टेशनच्या पुलावर तू विचारलंस, "मावशी, मी नसतो तरी कोणाचं काय अडलं असतं?" तेवढ्यात लोकल आली, तू चढलास आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं. फोनवर ते जमणार नाही, म्हणून लिहिते.

आधी कबूल करते, फारसं अडलं नसतं. ज्या कंपनीने तुला घरी बसवलं तिचं तर नाहीच. मी बत्तीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीही वॉर्ड वेळेवर सुरू झाला. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण माणसाचं मोल या काट्यावर तोलायचं नसतं, हे मी त्याच वॉर्डात शिकले.

रेल्वे अपघातातली माणसं पोलीस आणून सोडायचे. केस पेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०'. असा एक जण अकरा दिवस डोळे न उघडता पडून होता. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, तोंड पुसायचं, चादर ओढून सारखी करायची. एका शिकाऊ मुलीने विचारलं, "सिस्टर, याचं कोणीच नाही, मग एवढं कशाला?" मी खेकसले, "पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून." खरं उत्तर सुचायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याचं नाव फक्त आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्याने त्याला आईच्या उदरात घडवलं, त्याला ते ठाऊक होतंच.

रविवारच्या शब्बाथ शाळेत तुला चिमण्यांचं वचन पाठ करायला लावलं होतं, आठवतं? मत्तयाच्या शुभवर्तमानात दमडीला दोन चिमण्या. लूकात दोन दमड्यांना पाच. आता हिशोब कर. चारच यायला हव्यात ना? पाचवी वर घातलेली, आपल्या मार्केटात भाजीवाली कढीपत्ता टाकते तशी. ही दमडी म्हणजे रोमी तांब्याचं नाणं, मजुराच्या रोजाचा सोळावा हिस्सा. त्या पाचवीला तेवढीही किंमत नाही. आणि येशू म्हणतो, देवाला त्यांच्यातल्या एकीचाही विसर पडत नाही. तू पुलावर बोलत होतास ते त्या पाचवीचंच बोलणं होतं रे.

बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्यायही पुन्हा काढून वाच, पण सावकाश. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं ते सहाव्या दिवशी. सातवा दिवस विसाव्याचा. म्हणजे माणसाला मिळालेला पहिला पुरा दिवस सुट्टीचा! 'फार चांगले' हा शेरा त्याच्या आधीच मिळाला होता, त्याने एक काडीही इकडची तिकडे करण्यापूर्वी. दुसऱ्या अध्यायात माती आहे आणि नाकपुड्यांत फुंकलेला श्वास आहे. न रडलेल्या बाळाला मास्क लावून श्वास देताना माझ्या मनात हटकून तेच यायचं. म्हणून शरीराला कमी लेखू नकोस. तू नीट जेवत नाहीस असं तुझी आई सांगत होती.

हे प्रतिरूप आपल्याच मंडळीत सगळ्यांना पचतं असं नाही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या उलटल्या तरी लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' हे हळूच विचारतातच. मला त्याची लाज वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली याच मुंबईत शारदा सदन सुरू केलं ते टाकलेल्या विधवांसाठी. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुली आल्या. तिथे आंधळ्या मुलींनाही ब्रेल शिकवलं. वर घातलेल्या चिमण्यांची मोजदाद कशी ठेवावी, ते तिथे बघावं.

'देवाची तुझ्यासाठी मोठी योजना आहे' असं तुला पुष्कळ जण सांगतील. मी नाही सांगणार. यिर्मया संदेष्ट्याचं ते वचन बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच ओळीत सत्तर वर्षांचा हिशोब आहे. तो मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात कोणी छापत नाही. त्याच पत्रात देव त्यांना घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा असंही सांगतो. तुलाही सध्या तेवढंच पुरे.

आणि एक, हे नर्स म्हणून सांगते. रात्री मरणाचे विचार येत असतील तर नुसती प्रार्थना करत एकटा बसू नकोस. आईला उठव. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे. डॉक्टरकडे जाण्याने विश्वास कमी पडत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

रविवारी उपासनेनंतर सरळ माझ्याकडे ये. बोंबील आणून ठेवते. येताना मार्केटातून कोथिंबीर घे, आणि कढीपत्ता मागून घे, आपणहून देईल याचा भरवसा नाही हल्ली.

तुझी,
मावशी