पोरगी ढोरांची डॉक्टर व्हायचं म्हणते

जूनचा दुसरा आठवडा. नीटचा निकाल लागला की नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत कूलरचा आवाज मोठा की पालकांचा, अशी स्थिती होते. त्या दुपारी समोर तिघं होते. वडिलांनी रुमालाने मान पुसली आणि थेट सुरुवात केली.

"मॅडम, दोन वर्षं क्लासचे पैसे भरले. मार्क काही वाईट नाही आले. एक वर्ष अजून दिलं तर एमबीबीएस भेटू शकते. अन् ही म्हणून राहिली की व्हेटर्नरीच करायचं. ढोरांची डॉक्टर! लोकं काय म्हणतीन?"

"ढोरांची नाही बाबा, कुत्र्या-मांजरांची," मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली. तिला आपण ईशा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आई इतका वेळ गप्प होती. तिचा प्रश्न वेगळा होता. "घरात कुत्रं नाही, आजी ठेवू देत नाहीत. गल्लीतल्या भुऱ्याला ही पोळी घालायची. मागच्या वर्षी तो गाडीखाली आला तर दोन दिवस जेवली नाही. ही रोज जनावरं मरताना कशी पाहणार?"

दरवर्षी निदान चार-पाच घरं हाच प्रश्न घेऊन येतात. लाज, पैसा आणि मुलीचं मऊ मन यांची मोट बांधून आणतात आणि तिन्हींचं उत्तर एका बैठकीत मागतात.

मी पहिल्या भेटीत चूक केली. मी माहिती दिली. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. बारावीला बायोलॉजी हवी, प्रवेश नीटच्याच गुणांवर. राज्यातली सरकारी कॉलेजं आपल्या इथल्याच माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात: सेमिनरी हिल्सवरचं १९५८ सालचं नागपूरचं, मुंबईचं १८८६ सालचं, शिवाय परभणी, उदगीर, शिरवळ. पंधरा टक्के जागा देशपातळीवरून भरतात. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, बँका, औषध कंपन्या, पोल्ट्री, नाहीतर दोन वर्षांचं एमव्हीएससी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण. सगळं खरं होतं आणि कागदावर छान दिसत होतं. वडिलांनी कागदाची चौघडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "म्हणजे नोकरी भेटते ना?" ईशाने कागद पाहिलासुद्धा नाही. तिला सरकारी नोकरी नकोच होती, आणि आईच्या प्रश्नाला त्या कागदावर एक ओळही नव्हती.

दुसऱ्या वेळी ईशाला एकटीला बोलावलं. हेच का करायचं, विचारलं. उत्तर तयार होतं. "मॅडम, प्राणी खोटं बोलत नाहीत. माणसांशी बोलणं मला जमतच नाही. म्हणून."

हे उत्तर ऐकलं की मी सावध होते. माणसं टाळायची म्हणून पशुवैद्यक निवडणारी मुलं मी पाहिली आहेत. कुत्रा आपणहून दवाखान्यात येत नाही. त्याला कुणीतरी आणतं. काय खाल्लं, उलटी कधी झाली, हे तोच माणूस सांगतो, अर्धं खरं आणि अर्धं लाजेखातर बदललेलं. पैसे तोच देतो आणि गोळ्याही तोच देणार असतो, किंवा विसरणार असतो. माणसांच्या डॉक्टरला एकच पेशंट सांभाळायचा असतो, इथे प्रत्येक वेळी दोन. हे मी तिला सांगितलं असतं तर तिने मान हलवली असती आणि विसरली असती. म्हणून सांगितलं नाही.

माझ्या ओळखीच्या एक पशुवैद्य आहेत, प्रतापनगरकडे त्यांचा छोटा दवाखाना आहे. त्यांना फोन केला. दहा दिवस, संध्याकाळी पाच ते नऊ, कोपऱ्यात स्टूल टाकून बसू द्या म्हटलं. ईशाला एक दोनशे पानी वही दिली. प्रत्येक पानाच्या मध्ये रेघ मारायची. डावीकडे जनावराला काय झालं ते, उजवीकडे त्याच्या माणसाने काय म्हटलं ते.

पहिल्याच दिवशी एक पग आला. नागपूरचा जून, पाऊस अजून पोहोचायचा होता, दुपारभर लाईट गेलेली आणि कुत्रा वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंगातली उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, याचं १०७ होतं. जीभ जांभळट, लाळेच्या दोऱ्या लोंबत होत्या. घरातल्यांनी बर्फाच्या पिशव्या आणल्या होत्या. डॉक्टरांनी त्या बाजूला ठेवल्या, नळाच्या साध्या पाण्याने त्याला नखशिखांत भिजवलं आणि पंखा अंगावर सोडला. एका हाताने पुढच्या पायाची शीर शोधत सलाईन लावलं. दर काही मिनिटांनी थर्मामीटर. १०३ वर आल्याबरोबर पाणी थांबवलं, नाहीतर ताप उतरता उतरता अंग नको इतकं गार पडतं. ईशाने हे सगळं डावीकडे बारीक अक्षरात लिहिलं होतं. उजवीकडे एकच वाक्य: "याला काही झालं तर आई मला घरात घेणार नाही. हे बोलणारा माणूस चाळीस वर्षांचा होता."

चौथ्या दिवशी वही घेऊन आली तेव्हा उजवी बाजू डावीपेक्षा जास्त भरलेली होती. पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेलं लॅब्राडॉरचं पिल्लू, रक्ताची हगवण, खोलीभर तो विशिष्ट वास. मालक म्हणतो, "लस पुढच्या महिन्यात देणारच होतो." गोचीडतापाचं कुत्रं, मालकीणबाई म्हणतात, "यूट्यूबवर हळद लावा म्हटलं होतं." एक काका मांजराचा एक्स-रे काढायला तयार, पण ऑपरेशनचा खर्च ऐकून मांजर पिशवीत घालून निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. त्या पानावर ईशाने लिहिलं होतं, "डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत. खुर्ची पुढे केली. मग दोघांनी बसून कुठलं औषध आत्ता, कुठलं पगार झाल्यावर, ते ठरवलं."

मला हे पान फार मोलाचं वाटलं. आपल्याकडे जनावरांचा विमा काढणारे थोडे, बिल खिशातून जातं. पुस्तकात एका आजाराला एक उपचार असतो. दवाखान्यात त्याचे तीन-चार पर्याय करावे लागतात, समोरच्याला लाज न वाटता. ही कला वयाच्या अठराव्या वर्षी कुणालाच येत नसते. ईशाला ती दिसली, माझ्यासाठी एवढं पुरे होतं.

सहाव्या दिवशी ती वेळ न घेता आली, रागाने लाल. एका माणसाने सात वर्षांचा धडधाकट जर्मन शेफर्ड आणला होता. बेसा भागात फ्लॅट घेतला, सोसायटी कुत्रं ठेवू देत नाही, तर "सुई देऊन टाका". डॉक्टरांनी साफ नकार दिला. तो माणूस चिडला, म्हणाला दुसरीकडे करून घेईन. "मॅडम, त्याला त्यांनी हाकललं का नाही? उलट चहा पाजला! अर्धा तास बोलत बसल्या. फोन फिरवून फिरवून कुणी ठेवून घेतं का ते पाहत होत्या."

"मिळालं कुणी?"

"हिंगण्याकडे एक शेतवाला."

"मग हाकललं असतं तर?"

ती गप्प बसली. कूलरमध्ये पाणी संपल्याचा खडखड आवाज येत होता. मी उठून पाणी घालून आले, तोवर तिने वहीत काहीतरी लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही.

आईच्या प्रश्नाची परीक्षा आठव्या दिवशी झाली. तेरा वर्षांचा पॉमेरेनियन, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवडाभर अन्न नाही. सोबत आजोबा आणि नात. निर्णय घरूनच झालेला होता. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो झोपल्यावर दुसरं. आजोबांचा हात शेवटपर्यंत त्याच्या कानामागे होता. याच कुत्र्याला पहिली लस याच डॉक्टरांनी, याच टेबलावर दिली होती. ईशा बाहेर जाऊन कुणाच्या तरी ॲक्टिव्हावर बसून हमसून हमसून रडली. थोड्या वेळाने डॉक्टरही बाहेर आल्या, शेजारच्या पायरीवर बसल्या, बाटलीतलं पाणी प्यायल्या. आत तीन नंबर थांबले होते. पाच मिनिटं दोघीही काही बोलल्या नाहीत. मग डॉक्टरांनी डोळे पुसले, आत गेल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

"त्यापण रडल्या," ईशा मला म्हणाली. तिला याचंच आश्चर्य जास्त वाटलं होतं. तिचा समज असा की डॉक्टर व्हायचं तर आधी दगड व्हावं लागतं, आणि आपण दगड नाही म्हणून आपण नापास.

इथे मी आईला खोटा दिलासा दिला नाही. या पेशात मनावर ताण येतोच, आणि मरण टाळता आलं नाही यापेक्षा पैशाअभावी टाळता आलं नाही याचा जास्त येतो. चांगले पशुवैद्य थकून पेशा सोडतात, हेही सांगितलं. रडणं येतं का, हे मी पाहत नव्हते. रडल्यावर परत आत जाता येतं का, एवढंच पाहायचं होतं. ईशा त्या दिवशी आत गेली होती. पुढच्या मांजरीला तिने टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं होतं, बोचकारे दाखवायला आली होती.

वडील राहिले होते. त्यांना म्हटलं, तुम्हीही एक संध्याकाळ जाऊन बसा. "मी काय करू तिथं जाऊन?" म्हणत गेले खरे.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. मला वाटलं, भूतदयेवर काहीतरी ऐकायला मिळेल. छे! "मॅडम, साडेसात ते नऊ, अकरा पेशंट मोजले मी. फी गुणिले अकरा, त्यात औषधाचे वेगळे. दुकानाचं भाडं विचारलं, एक्स-रे मशीनचं लोन विचारलं. सगळा हिशोब मांडला. पहिली पाच वर्षं काही खरं नाही, पण नंतर बसते." मनापासून हसू आलं, आणि त्यांच्याबद्दल माझं मतही बदललं. 'लोकं काय म्हणतीन' हे पुढे केलेलं कारण होतं. क्लासच्या फीसाठी घेतलेलं कर्ज अजून फिटायचं होतं आणि रात्रीची झोप त्याने उडवली होती. ते कुठल्या बापाला पोरीसमोर बोलायचं असतं!

त्यांचा हिशोब बरोबरच होता, मी फक्त त्यात भर घातली. पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी झाली की लगेच पाटी लावायची घाई करू नये. दोन-तीन वर्षं मोठ्या दवाखान्यात सहायक म्हणून काढावी, पगार कमी, रात्रपाळी नक्की. सर्जरीची आवड असेल तर एमव्हीएससी. परदेशाचं स्वप्न असेल तर आपल्या पदवीवर बहुतेक ठिकाणी थेट काम करता येत नाही, त्यांच्या परीक्षा वेगळ्या आणि खर्चिक. आणि एक गोष्ट ईशालाही सांगितली, कारण ती कुत्र्या-मांजरांपुढे बघायलाच तयार नव्हती: कॉलेजात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, डुक्कर, सगळं शिकावं लागतं. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घालून गाय तपासायला लागते. "पोळ्याला बैल पाहतेस ना, तो उरलेले ३६४ दिवस कुणाकडे जातो?" म्हटलं. तिने नाक मुरडलं.

शेवटी वडिलांचा एक प्रश्न उरला. त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या मनगटावर त्यांनी मांजराच्या दाताचे दोन व्रण पाहिले होते. "रेबीजचं काय?" रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही. म्हणूनच या क्षेत्रातल्या लोकांनी चावा बसायच्या आधीच लस घेऊन ठेवायची असते. चावल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तरीही पुढचे डोस घ्यायचेच. त्यांनी खिशातून माझा तोच चौघडी केलेला कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहून घेतलं.

प्रवेशाच्या यादीत ईशाला परभणी मिळालं. तिच्या होस्टेलच्या सामानात कुकर आणि लोणच्याची बरणी यांच्यासोबत लसीचं कार्ड होतं, वडिलांनी लॅमिनेट करून दिलेलं.

आता ती चौथ्या वर्षाला आहे. दिवाळीला भेटायला आली होती, वडील सोबत. बाहेर बाकावर एक पालक बसले होते, त्यांना ईशाचे वडील सांगत होते, "आमची पोरगी पेट डॉक्टर होऊन राहिली." ईशा माझ्याकडे बघून हसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, महिनाभर फक्त म्हशी तपासतेय. बाबांना सांगू नका, पण मला म्हशी आवडायला लागल्या आहेत."