शिक्षकांना पाठाच्या तयारीसाठी आठवड्यात पुरेसा वेळ कसा मिळतो?

हायस्कूलवाल्यांना निदान ऑफ तास, म्हणजे शिकवणं नसलेला मोकळा तास, तरी असतो, मग तो बदली तासात, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर, गेला तरी. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तेवढंही नाही. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, शिवाय पोषण आहाराचा हिशोब आणि यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरणं. वेळ ओढूनताणून काढावा लागतो. आणि काढलेला वेळ टाचण वहीत, म्हणजे रोजच्या पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत, घालवायचा नाही, हे माझं ठाम मत.

काही वर्षांपूर्वी अपूर्णांक घ्यायचे होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबून मी जुन्या कॅलेंडरच्या एकसारख्या पट्ट्या कापल्या. सोमवारी तिसरीची पोरं त्या दुमडून अर्धा, पाव, पाऊण करत होती आणि चौथीची त्यांवरच अंश-छेद लिहीत होती. मी काही सांगायच्या आधीच एक मुलगी ओरडली, "बाई, दोन पाव म्हणजे अर्धाच की!" नेमके तेव्हाच शाळा तपासणारे साहेब भेटीला आले. मुलांकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "टाचण दाखवा." त्या दिवसाचं काढलेलं नव्हतं. मी पट्ट्यांचा डबा पुढे केला. शेरेबुकात शेरा पडला, 'पूर्वतयारी आढळली नाही.' गेल्या वर्षीचं टाचण सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं असतं, तर 'समाधानकारक' मिळालं असतं!

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितलेत, तेही तयारीचे तास धरून. म्हणजे पट्ट्या कापणं ही माझी ड्युटीच होती. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्या तर अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही. हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, आजही सांगेन.

तेव्हा आठवड्याचे सगळे विषय तयार करायला जाऊ नका. जिथं मुलं अडणार तो एकच घटक धरा आणि दोन्ही वर्गांना चालेल असं एक साहित्य बनवा. बाकीचं रोजच्या शिकवण्यात निभावतं.

नवीन लागलेल्यांनी मात्र पहिली दोन-तीन वर्षं टाचण काढावं. कोणते प्रश्न विचारणार, मुलं कुठं चुकतील, एवढं चार ओळींत आलं तरी पुरे. रकाने भरत रात्र जागवू नका. हायस्कूलमध्ये असाल तर मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातले निदान दोन ऑफ तास बदली तासातून सोडवून घ्या.