‘बिनशर्त’ दिलेल्या जमिनीला आता अट कशी लावायची?

प्रश्न: मी ६९ वर्षांची आहे. मुलगा ३८ वर्षांचा, त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. मी आणि माझ्या पतींनी (ते आता नाहीत) २०१४ मध्ये आमचा बिनशेती प्लॉट एका सेवाभावी ट्रस्टला नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिला. ट्रस्टने तिथे प्रौढ दिव्यांगांसाठी निवासी वसाहत बांधली, बांधकामासाठीही आम्ही देणगी दिली. मुलगा तेव्हापासून तिथेच राहतो. ‘तुमच्या पश्चात तो इथेच राहील’ असा शब्द संस्थापकांनी दिला होता. तेही वारले. आता नव्या विश्वस्तांचं पत्र आलंय: विक्रीची प्रक्रिया सुरू आहे, वसाहत दुसरीकडे हलवणार, तिथे जागा हवी असेल तर नवा करार, अनामत रक्कम आणि वाढीव मासिक शुल्क, मान्य नसेल तर साठ दिवसांत पाल्याला घेऊन जावे. बक्षीसपत्र रद्द करून जमीन परत मिळेल का? पालकत्वाचा दाखला काढलेला नाही, आजवर गरज पडली नाही.

उत्तर: ताई, जमीन परत मिळणार नाही. पहिल्याच ओळीत सांगतो, कारण अशी पत्रं मला सारखी येतात आणि प्रत्येकात ‘बक्षीसपत्र रद्द होईल का’ हाच प्रश्न असतो. त्याच्यामागे धावण्यात पालकांचे महिने जातात आणि जे वाचवता आलं असतं तेही हातचं जातं.

बक्षीसपत्र म्हणजे काय, नोंदणी कशाला लागते, हे सांगत बसत नाही. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सचं चौथं पान काढा, कलम ७ वाचा. ‘सदर मिळकत लिहून घेणार संस्थेने बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या निवासाकरिता वापरावयाची असून, लिहून देणार यांनी ती बिनशर्त व कायमची दिलेली असल्याने त्यांचा अथवा त्यांच्या वारसांचा तीवर कसलाही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.’ वाक्य एकच, पण ‘असून’ नंतरच्या स्वल्पविरामाच्या अलीकडे एक गोष्ट आहे आणि पलीकडे दुसरी. तुम्ही आणि तुमचा पुतण्या पलीकडच्या भागाशी भांडताय. ते भांडण तुम्ही २०१४ सालीच, सह्या करताना हरलात.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ बक्षीसपत्र फिरवायला फारशी जागा ठेवत नाही. अमुक घटना घडली तर दान रद्द, असं देणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये ठरलेलं असावं लागतं, आणि ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असून चालत नाही. ‘निवासासाठी वापर बंद झाल्यास मिळकत लिहून देणार अथवा त्यांचे वारस यांचेकडे परत येईल’ एवढी एक ओळ असती तर आज आपण वेगळं बोललो असतो. ती नाही. मसुदा संस्थेच्या वकिलाने केला आणि तुम्ही तो दुसऱ्या कुणाला दाखवला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मुलाची आयुष्यभराची सोय ज्या कागदावर अवलंबून, तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला एक दुपारही काढू नये? देणारा माणूस भरून आलेला असतो हे मला कळतं. पण म्हणूनच त्या वेळी शेजारी एक कोरडा माणूस बसलेला हवा.

संस्थापकांनी दिलेल्या शब्दाचं म्हणाल, तर नोंदणीकृत दस्तातल्या अटींना छेद देणारं तोंडी बोलणं कोर्ट सहसा ऐकत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ९२ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ९५ आहे. अपवाद आहेत, पण दस्तावर ‘बिनशर्त’ लिहिलेलं असताना त्यांतून वाट काढणं कठीण. फसवणुकीचा मुद्दा घ्यायचा तर दस्त रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची, कारण कळल्यापासून. कारण आत्ताच्या पत्राने कळलं, असं म्हणून बघता येईल; मी त्यावर फार भरवसा ठेवणार नाही. बांधकामाच्या देणगीची तुम्ही ८०जी ची पावती घेतलीत आणि करसवलतही घेतलीत. आता ती रक्कम मुलाच्या जागेसाठीची अनामत होती म्हणालात, तर समोरचा वकील तीच पावती न्यायाधीशांच्या हातात देईल.

पुतण्याने सुचवलेलं ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथे लागत नाही. ते कलम, आपल्याला सांभाळावं या अटीवर मालमत्ता देणाऱ्या ज्येष्ठाच्या स्वतःच्या गरजांसाठी आहे. अशी अट दाखवावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते कलम जरा सैल हाताने वाचलं, एवढं खरं. पण इथे सांभाळायचं आहे ते मुलाला, आणि २०१४ मध्ये तुम्ही स्वतः साठीच्याही नव्हतात.

आता स्वल्पविरामाच्या अलीकडे या.

तिथे उद्देश लिहिलेला आहे. जमीन संस्थेची झाली खरी, पण आली ती एका ठरावीक कामाला बांधलेली. आणि सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विश्वस्तांना नुसत्या ठरावावर विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ सांगतं की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस वैध नाही. बिनशेती जमिनीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टासुद्धा नाही. मंजुरी देताना आयुक्त न्यासाचं हित, फायदा आणि संरक्षण पाहतात. याच कलमात पुढे असंही आहे की त्यांना योग्य वाटतील त्या अटी घालून मंजुरी देता येते.

मी तुमचं प्रकरण याच अटींवर उभं करेन. बक्षीसपत्रात घालायची राहिलेली अट आता आयुक्तांच्या आदेशात घालून घेता येते. अशी दुसरी संधी कायद्यात फार कमी वेळा मिळते, आणि ती फक्त मंजुरीचा आदेश होईपर्यंत आहे.

म्हणून ‘विक्री रोखा’ एवढंच मागू नका. वसाहत हलवणं मुळात बेकायदा नाही. जागेला चांगला भाव येत असेल आणि त्या पैशात जास्त लोकांची नीट सोय होणार असेल, तर उद्देश पाळला जातोय, असं आयुक्त म्हणू शकतात, आणि ते चुकीचं असेल असंही मी म्हणणार नाही. तुम्ही मागा ते असं: नवी जागा राहण्याजोगी होऊन सगळे रहिवासी तिथे जाईपर्यंत जुन्या जागेचा ताबा खरेदीदाराला देऊ नये, विक्रीचे पैसे स्वतंत्र खात्यात राहावेत आणि निवासाशिवाय दुसऱ्या कशालाही वापरू नयेत, आज जे राहतायत त्यांना नव्या जागी नव्या अनामतीशिवाय प्रवेश मिळावा. पहिल्या दोन मागण्या मला रास्त वाटतात आणि मान्य होण्याजोग्याही. तिसरीचं सांगता येत नाही. मासिक शुल्क अजिबात वाढू नये, हे मात्र मागू नका. खर्च वाढलेला असतो आणि हट्टी मागणीमुळे बाकीच्या मागण्यांचंही वजन कमी होतं.

‘प्रक्रिया सुरू आहे’ यावरून काही कळत नाही. अर्ज दाखल झालाय की विश्वस्त अजून निविदा मागवतायत? संस्थेच्या लेटरहेडवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असतो, तो घेऊन कुणाला तरी याच आठवड्यात धर्मादाय कार्यालयात पाठवा. कलम ३६ चा अर्ज आहे का, ते बघायला सांगा. परिशिष्ट एकचा उतारा (ट्रस्टच्या नोंदणीचा तपशील) आणि तुमच्या जमिनीबाबतच्या चेंज रिपोर्टची, म्हणजे बदल अर्जाची, प्रमाणित नक्कल मागा. जमीन मिळाल्यावर नव्वद दिवसांत हा अर्ज द्यायचा असतो. तो दिलाच नसेल तर विश्वस्तांना आधी त्याचं उत्तर द्यावं लागेल. विक्रीचा अर्ज झालेला असो वा नसो, बक्षीसपत्राची नक्कल जोडून हरकत लेखी दाखल करा आणि पोच घ्या. महत्त्वाची गोष्ट दडवून घेतलेली मंजुरी आयुक्तांना मागे घेता येते, आणि कलम ७ ही महत्त्वाची गोष्ट आहे. व्यवहार घाईने उरकण्याची चिन्हं दिसली तर कलम ४१ई खाली मनाईचा अर्ज करता येतो.

दिवाणी कोर्टातून स्टे आणण्याची कल्पना सोडा. धर्मादाय यंत्रणेने ठरवायच्या प्रश्नात दिवाणी कोर्टाला याच कायद्याचं कलम ८० अडवतं. दोन-तीन वर्षं अधिकार आहे की नाही यावरच तारखा पडतील आणि तोवर तिथे दुसरीच इमारत उभी राहिली असेल. ठरावीक उद्देशासाठी विश्वस्तांकडे असलेली मालमत्ता त्यांच्या हातून परत मिळवायला मुदतीचा अडसर नसतो, असं मुदत कायद्याचं कलम १० म्हणतं खरं, पण पैसे मोजून घेणाऱ्या खरेदीदाराच्या हाती ती गेली की हे कवच राहत नाही. विक्रीनंतर भांडू म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

आता, हरकत घेणार कोण?

तुमच्या पत्रातलं ‘गरज पडली नाही’ हे वाक्य वाचून मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. मुलगा अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तुमचं पालकत्व संपलं. आई म्हणून नाही संपलं, सही करणारी म्हणून संपलं. वीस वर्षं झाली त्याला. न्यासाचा लाभार्थी तो आहे, तुम्ही दात्या आहात, आणि महाराष्ट्राच्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमात विश्वस्त आणि लाभार्थी ‘हितसंबंधित व्यक्ती’ ठरतात. दाता ठरतोच असं नाही. ‘या बाईंचा संबंध काय’ हा समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप असेल.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्याचा, कलम १४ चा अर्ज आजच करा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या कायद्यात येतात, त्यामुळे जिल्हा न्यायालयात जायची गरज नाही. समितीची बैठक कधी लागेल याची हमी देता येत नाही. म्हणून अर्जासोबतच्या पत्रात विक्रीच्या हरकतीवरच्या सुनावणीचं कारण लिहून तातडीची विनंती करा आणि अर्जाची पोच हरकतीला जोडा. तुमच्या वयाकडे बघता एकटीचं नाव देऊ नका. मुलीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. तिच्याशी बोला, तिची तयारी नसेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणखी एक. प्रवेशाच्या वेळी ‘काही फॉर्मवर सह्या घेतल्या’ असं लिहिलंय. या कायद्याखाली नोंदणीकृत संस्थेलाही पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. त्या सह्यांत तशी संमती नव्हती ना, हे समितीच्या दप्तरात तपासा. तुमच्या मुलाचा कायदेशीर पालक म्हणून ट्रस्टनेच नाव लावलेलं असेल, तर सगळा मामला उलटा होईल आणि मला पुन्हा लिहावं लागेल.

बाकीचे पालक काय करतायत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा प्रत्येकजण आपापल्या घरी तेच पत्र घेऊन बसलाय. चार घरांची हरकत एकत्र गेली तर ती वसाहतीची हरकत ठरते. पुढे विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५० खाली ट्रस्टविरुद्ध दावा लावायची वेळ आली, तर तोही निदान दोन हितसंबंधितांनी आयुक्तांच्या लेखी संमतीने करायचा असतो.

साठ दिवसांच्या धमकीला लेखी उत्तर द्या: विक्रीला मंजुरी झालेली नाही, मुलगा रहिवासी आहे, तो तिथेच राहील. नव्या करारावर सही करू नका, ‘निषेध नोंदवून’ वगैरेसुद्धा नको. जुनं शुल्क दर महिन्याला बँकेतून भरा. रोख देऊन पावतीची वाट बघू नका. आणि कुणी कितीही गोड बोललं तरी ‘चार दिवस घरी न्या’ याला बळी पडू नका. परत आणताना दार उघडेलच असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं, त्याच्या प्रतीची मागणी याच उत्तरात करा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार जरूर करा, पण त्यांचा अधिकार शिफारशीचा आहे. दडपण येतं, आदेश मिळत नाही.

राहतं घरही मृत्युपत्राने याच ट्रस्टला द्यायचा विचार होता, असं शेवटी लिहिलंय. तूर्त थांबा. मुलासाठी खासगी न्यास करून, त्याच्या हयातीत त्याच्यासाठी आणि नंतर अशाच निवासी कामासाठी, अशी रचना होऊ शकते. तपशील कौटुंबिक परिस्थिती बघून ठरवावा लागेल. रोख, ठेवी अशी जंगम मालमत्ता मृत्युपत्राने केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाला देता येते आणि तिथे नाव दिलेल्या व्यक्तीच्या पुरेशा राहणीमानाची सोय करणं मंडळावर बंधनकारक आहे. मात्र सगळी रक्कम त्याच्यावरच खर्च होईल, असं बंधन नाही. काहीही ठरवलंत तरी या वेळी मसुदा आधी माझ्याकडे किंवा कुठल्याही वकिलाकडे जाऊ दे, सही नंतर.

विश्वस्तांच्या पत्रावरची तारीख आणि तुमच्या हातात ते पडलं ती तारीख यांत अकरा दिवसांचं अंतर आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो लखोटा टाकून देऊ नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागेल.