तीन स्विच, एकच स्टॅक

प्रश्न : आमच्याकडे सिस्को कॅटॅलिस्ट ९३०० चे तीन स्विच (नेटवर्कमधली उपकरणे एकमेकांना जोडणारे डबे) आहेत. दोन केबलनी जोडले, स्टॅक (अनेक स्विच मिळून एकच स्विच म्हणून चालणारा संच) चालतोय. तिसरी केबल लागतेच का?

उत्तर : लागतेच. दोन केबलवर साखळी तयार होते, वर्तुळ नाही. स्विचमधली बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) निम्मी मिळते आणि एक केबल सैल झाली की स्टॅकचे दोन तुकडे पडतात. दोन्ही तुकडे एकाच आयपी पत्त्यावर बोलू लागतात, मग बिघाड शोधता शोधता नाकी नऊ येतात. तीन स्विचना तीन केबल : पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून परत पहिल्यात. अर्ध्या मीटरची केबल शेजाऱ्यांना पुरते; वरून खाली परतणारी एक मीटरची घ्या. कनेक्टरवरचा सिस्कोचा लोगो वर ठेवा, दोन्ही स्क्रू बोटांनीच आवळा.

मुख्य स्विच, म्हणजे सगळा स्टॅक चालवणारा, कोणता, हे नशिबावर सोडू नका. प्राधान्य १ ते १५ असते, मुळात सगळ्यांचे १. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यातच दिलेल्या ओळख क्रमांकाचा) स्विच, म्हणजे बहुधा जुनाच, मुख्य होतो. ‘स्विच १ प्रायॉरिटी १५’, ‘स्विच २ प्रायॉरिटी १४’ असे आदेश द्या; मोठा आकडा जिंकतो. बदल रीलोडनंतर (स्विच पुन्हा सुरू केल्यावर) लागू होतो.

पुढे चौथा जोडाल तेव्हा तो बंद ठेवूनच केबल लावा. चालू स्विच जोडला तर दोन स्टॅकचे विलीनीकरण होते आणि हरलेली बाजू रीबूट होते. सॉफ्टवेअर आवृत्ती व लायसन्स पातळी आधीच जुळवा. ९३००एल हे याच मालिकेतले वेगळे मॉडेल मात्र या स्टॅकमध्ये बसत नाही.