पाळीआधी आठवडाभर वहिनी चिडते, रडते. हार्मोनचा रिपोर्ट नॉर्मल. मग हे नाटकच ना?

नाही, नाटक अजिबात नाही. हा पीएमडीडी असू शकतो, म्हणजे पाळीआधी मनाला होणारा तीव्र त्रास. त्यात रिपोर्ट नॉर्मलच येतो. हार्मोन कमीजास्त नसतात, त्यांच्या नेहमीच्या चढउतारालाच मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनपासून बनणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन एरवी मन शांत करतं. यात तेच अस्वस्थ करू शकतं. वर ताण असला की आणखी त्रास. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना मोदकांची उकड मळता मळता ती रडली, तर 'अंगात आलंय' म्हणू नका, कृपा करून.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिला दोन महिने रोज मूडची खूण करू दे. निदानाला तीच नोंद लागते. एसएसआरआय म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्या यात लवकर लागू पडतात, काहींना फक्त पाळीआधीचे दोन आठवडे पुरतात. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: 14416.