कान मशीनवाल्याकडे आयईएमचं माप द्यायचं का?

भाऊ, तुझा प्रश्न वाचला अन् मला माझाच पहिला पराक्रम आठवला. तू म्हणतो की गडचिरोलीकडच्या वडश्याच्या नाटक कंपनीत गातो, या सीझनला कस्टम आयईएम, म्हणजे स्टेजवर स्वतःचं गाणं-वाजवणं ऐकायला आपल्याच कानाच्या मापाचे कानात घालायचे मॉनिटर, बनवायचे ठरवले, अन् तालुक्याला महिन्यातून एकदा बहेरेपणाची मशीन देणारा कान मशीनवाला येतो त्याच्याकडेच कानाचं माप देऊन टाकू का, का नागपूरलाच जावं लागेल, अन् माप घेताना दुखते का. दुखत नाही. कान मशीनवाल्याकडे दिलं तरी चालते, पण त्याला काय सांगायचं ते तुला माहीत पाहिजे, नाहीतर तो त्याच्या सवयीनं माप घेईल अन् ते तुझ्या कामाचं राहणार नाही. माझं तसंच झालं.

मी ब्रह्मपुरीकडचा, ऑक्टोपॅड वाजवतो, बारा सीझन झाले. आपलं तर माहीतच आहे, स्टेजसमोर बसायचं, उजव्या हाताला बॉक्सची थप्पी अन् तिच्यावर भोंगा, रात्री सुरू झालं की पहाटे कोंबडं आरवेपर्यंत. सकाळी घरी आलो की कानात रातकिडे ओरडत अन् आई चुलीजवळून हाक मारे ते ऐकू येत नसे, तिला वाटे पोट्टा मुद्दाम ओ देत नाही. शेवटी नागपूरला कान तपासला तर उजव्या कानाचा आलेख ४००० हर्ट्झजवळ खाली खड्ड्यात गेलेला. डॉक्टर म्हणाले हा आवाजानं पडलेला खड्डा आहे, भरून येत नाही, आता फक्त वाढू देऊ नको. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासच सोसायचा असा हिशोब धरतात, अन् दर ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपला तर एक अंकही १५ मिनिटांत संपत नाही.

तर मग मीही ठरवलं की आता कस्टमच घ्यायचे, अन् तुझ्यासारखंच, नागपूरचं तिकीट अन् एका दिवसाची रोजी वाचते म्हणून इकडेच एका कान मशीनवाल्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या खुर्चीवर रोज बसतात सत्तर वर्षांचे आजोबा. त्यानं मला तोंड बंद करून बसवलं, कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशीच ठेवला, वरून मापाचा मसाला भरला अन् पाच मिनिटांत जमलेलं माप काढलं. त्याचं आत जाणारं टोक असेल शेंगदाण्याएवढं. मला काय कळते, मी तेच कुरियर केलं. महिन्याभरानं आयईएम आले, घरी खाटेवर पडून ऐकले तर काय आवाज बापा, बास असा की उशी हलते. अन् पहिल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात लावणी सुरू होती, मी तबलेवाल्याकडं वळून म्हटलं "लय सोडू नको बे", अन् तोंड उघडल्याबरोबर सगळा बास गायब, भोंग्याचा आवाज भसकन आत. तोंड बंद केलं की परत ठीक. हसलो की गेला, अन् तेव्हा मी खर्रा खात होतो तर दर चावण्याला बास जाये अन् येये. तू तर गाणारा आहे, तुझं तोंड रात्रभर उघडंच राहणार.

असं काऊन होते ते आत्ताच करून पाह्य. करंगळी कानात घाल, हलकेच, अन् तोंड उघड-मिट कर. बोटाला समोरच्या बाजूनं काहीतरी हललेलं लागते ना? ते जबड्याचं हाड आहे, कानाच्या नळीला अगदी चिकटून त्याचा सांधा आहे. तोंड उघडलं की ते हाड पुढं सरकते अन् नळी तिथं रुंद होते. म्हणजे बंद तोंडाच्या मापाची वस्तू उघड्या तोंडाच्या कानात ढिली पडते, फट राहते, अन् त्या फटीतून सगळ्यात आधी बास पळतो. बहेरेपणाच्या मशीनचा मोल्ड बनवताना बहुतेक तोंड मिटूनच माप घेतात अन् नळीत फार खोल जात नाहीत, त्यांच्या कामाला तेवढं पुरते. आपल्याला मात्र तोंड उघडं ठेवून अन् नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढपर्यंतचं माप लागते. नळी सरळ नसते, आधी एक वळण मग दुसरं, अन् दुसऱ्याच्या पुढं गेलं तरच सील पक्कं बसते अन् स्वतःचा आवाज डोक्यात माठात बोलल्यासारखा घुमत नाही. गाणाऱ्याला हा घुमण्याचा त्रास वाजवणाऱ्यापेक्षा जास्त.

म्हणून त्याला सांगायचं काय, तर हे हिअरिंग एडचं नाही म्युझिशियनच्या मॉनिटरचं माप आहे, दुसऱ्या वळणाच्या पुढं घ्या, अन् दाताखाली बाइट ब्लॉक द्या. बाइट ब्लॉक म्हणजे साधारण इंचभर उंचीचा फोमचा ठोकळा, तो समोरच्या दातांत धरून बसायचं. ज्या कंपनीला ऑर्डर देणार तिचा मापाचा कागद तिच्या साइटवर असतो, तो मोबाइलमध्ये घेऊनच जा, कारण कोणी म्हणते ठोकळा धरून स्थिर बसा, कोणी आणखी काही सांगते, अन् शेवटी शेल, म्हणजे कानात बसणारं कवच, तेच बनवणार आहेत तर त्यांचंच ऐकायचं. मशीनवाला हे ऐकून "असं नसते हो" म्हणाला किंवा त्याच्याजवळ बत्तीवाली दुर्बीण म्हणजे ओटोस्कोपच नसला तर नमस्कार करून उठून ये. अन् आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी नंबर विचारायला लाजू नको, ऑडिओलॉजिस्टचा तो असतोच, पदवी बीएएसएलपी. नागपूरला धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची जत्राच आहे, तिथं विचारपूस करून आधी फोन कर अन् "ओपन माउथ इम्प्रेशन घेता का" एवढंच विचार. समोरचा "हो, बाइट ब्लॉक आहे" म्हणाला की समज ठिकाणावर पोचला.

जायच्या आधी मळ. कान दाखवून साफ करून घे, पण त्याच दिवशी माप नको, पाणी मारून काढला असेल तर नळी ओली अन् जराशी सुजलेली राहते, दोन-चार दिवस जाऊ दे. कानकोरणं, काडी, पिन असलं काही घालू नको, मळ आणखी आत ढकलला जातो. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, कधी ऑपरेशन झालं असेल तर हे खुर्चीवर बसल्याबरोबर पहिलं सांग, तेव्हा कानाचे डॉक्टर हो म्हणतील तरच माप. ऑनलाइन घरी माप घ्यायची किट भेटते तिच्या नादी अजिबात लागू नको, भोकातून मसाला पडद्याच्या पलीकडं गेला अन् ऑपरेशन करून काढावा लागला असे लोक झालेले आहेत, हे फोकनाड नाही.

आता खुर्चीवरचं. दुसऱ्यांदा मी नागपूरला गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी आधी दोन्ही कान बत्तीनं पाहिले, मग दोरा बांधलेला छोटासा फोमचा गोळा काडीसारख्या बत्तीनं हळूहळू आत सरकवला. हा गोळा म्हणजे बांध, मसाला पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून. तो दुसऱ्या वळणापाशी गेला की खोकला येते, काही लोकांना येते, मला आला, घाबरायचं नाही. दोरा बाहेर गालावर लोंबत राहतो. मग दाताखाली ठोकळा, अन् दोन डब्यांतला मसाला, एक पांढरा एक निळा, सारखाच घेऊन बोटांनी मळला, पुरणाचा गोळा मळतात तसा, रंग एकजीव झाला की सिरिंजमध्ये भरून कानात. हा सिलिकॉन असतो. गंमत सांगतो, लॅटेक्सचे हातमोजे घालून तो मळला तर त्यातल्या गंधकामुळे नीट जमतच नाही, चिकट राहते, मॅडमच्या हातात निळे नायट्राइलचे होते. गरमीत मसाला लवकर जमते, म्हणून मे महिन्यात दुपारी जायचं असेल तर कूलर-एसीवाली खोली बरी, भरता भरता जमला तर आत घड्या पडतात.

भरताना थंडगार लागते अन् आवाज असा बंद होत जातो की बोडीत डुबकी मारली अन् वर पोट्टे ओरडून राहिले. सिरिंजचं टोक मसाल्यात बुडालेलंच ठेवून मागं मागं येत भरायचं असते, मधेच उचललं की हवा अडकते. आधी नळी, मग कानाची पूर्ण वाटी, मग वरची घडी. वरून बोटानं दाबून सपाट करायचं नसते, दाबलं की आकार बिघडते. पाचेक मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं कमी, ठोकळ्यामुळं लाळ सुटते तर रुमाल हातात ठेव. मॅडम वरच्या भागावर नखानं टोचून पाहत, नखाचा वण राहिला तर अजून कच्चं.

काढताना घाई केली की आतून ओढल्यासारखं होते, कारण माप घट्ट बसलेलं असते अन् आत हवा शिरत नाही. आधी कानाची पाळी इकडंतिकडं हलवून हवा आत जाऊ द्यायची, मग वरची घडी सोडवायची अन् पुढं फिरवत फिरवत हळू काढायचं. "फच्च" असा बारीक आवाज येतो अन् सगळी दुनिया परत ऐकू येते, रस्त्यावरचा ऑटोसुद्धा गोड वाटते. लगेच पाहायचं की फोमचा गोळा टोकाला चिकटून बाहेर आला का. दोन कान, दोन गोळे, मोजून घे. त्यानंतर मॅडमनी परत बत्तीनं कान पाहिला, पाहिलाच पाहिजे.

अन् आता सगळ्यात महत्त्वाचं, खुर्चीवरून उठायच्या आधी दोन्ही मापं हातात घेऊन उजेडात पाह्य. टोक लांब पाहिजे, त्याच्यावर दोन वळणं डोळ्यानं दिसली पाहिजेत, अन् शेवटी गोळ्याचा सपाट ठसा. नळीच्या भागात बुडबुडा, चीर, घडी नको. वाटी पूर्ण भरलेली. डावं-उजवं आरशातल्यासारखं जवळजवळ सारखं, एक लांब अन् एक आखूड असेल तर एक चुकलं. माझ्या डाव्या मापात ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा निघाला, तोही नेमका वळणावर, मी दाखवला तर मॅडम हसल्या अन् मुकाट्यानं दुसरं घेतलं. तिथं परत घ्यायला दहा मिनिटं लागतात, घरी आल्यावर परत अख्खा दिवस. आजकाल लॅब हे माप स्कॅन करून शेल थ्रीडी प्रिंट करते, म्हणजे तुझ्या मापातली खोट काही अंशी ते हातानं भरतील, पण आखूड टोक कुठून वाढवतील?

मापं कापसात गुंडाळू नको, तंतू चिकटतात. छोट्या कडक प्लास्टिकच्या डब्बीत मोकळी टाक, वर नाव, नंबर, अन् फोटो काढून ठेव. माझा एक मित्र त्याचं दोन वर्षांपूर्वीचं माप घरी पडलं आहे तेच पाठवतो म्हणत होता, तसं करू नये, वजन कमीजास्त झालं तरी कानाची नळी बदलते.

मला दुसऱ्या फेरीत मापाचे ८०० लागले, पण पहिल्या चुकीमुळं शेल नवीन करायचे वेगळे गेले अन् तो आकडा बायकोला अजून सांगितला नाही. बहुतेक कंपन्या वस्तू भेटल्यावर ठराविक दिवसांत फिट फुकट सुधारून देतात, ते दिवस विचारून ठेव, अन् आल्या आल्या बासवाला ट्रॅक लावून तोंड वासून, मान फिरवून, जोरात गाऊन पाह्य. बास एकदाही हलला नाही तर पास.

आणखी एक, तुझ्या कामाचं. कस्टम नीट बसले की २६ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज कमी होतो असं कंपन्या सांगतात, अन् मग स्टेजवर एकदम एकटं वाटते, समोरून वन्स मोअर आला तरी कळत नाही. लोक काय करतात, एक कान काढून ठेवतात. ते नको करू. उघडा कान भोंग्याचा मार खातो अन् बंद कानात आपण आवाज वाढवतो, दोन्हीकडून नुकसान. त्यापेक्षा साउंडवाल्याला प्रेक्षकांकडं तोंड करून एक माइक लावायला सांग अन् तुझ्या ऑक्समध्ये, म्हणजे तुझ्या कानात येणाऱ्या आवाजाच्या लाइनमध्ये, थोडासा सोडायला लाव. वायरलेसची गरज नाही, बसूनच गातो तर बेरिंजरच्या पी२ सारखा वायरचा छोटा हेडफोन अँप कमरेला लावला की झालं, दोन बारीक सेलवर चालते. कस्टम आयईएमची अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली तीही माझ्यासारख्या बडवणाऱ्यापायीच, १९९५ मध्ये जेरी हार्वीनं ती सुरू केली व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरला स्टेजवर नीट ऐकू यावं म्हणून.

खरं सांगू, सीझनला दहा-पंधराच प्रयोग असतील तर फोमच्या टिपवाले साधे घे अन् पैसे वाचव. पन्नासच्या वर जात असशील तर कस्टमच. लॅबला तीन-चार आठवडे धर, फिट बिघडलं तर तेवढेच परत, अन् भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे आपल्या नाटकांच्या गावजत्रा, सुरू होतात. म्हणून पोळा झाला की वैनगंगा उतरलेली पाहून एक दिवस काढ, अन् जाताना कानातली बाळी घरीच ठेव, माझ्या दोस्ताची मसाल्यात अडकली होती.