आधी बागेचा हिशेब, मग पुण्याचा क्लास

नमस्कार भाऊ,

तुमची मुलगी मराठी माध्यमातून बारावी कॉमर्स ७८ टक्क्यांनी पास झाली, तिला सीए व्हायचंय. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, बी.कॉम.ला नुसतं नाव घालून ठेवा आणि पोरीला पुण्याच्या क्लासला टाका. त्यात यंदाच्या केळीचे सगळे पैसे जातील. काय करावं, असं तुम्ही यावल तालुक्यातून विचारलंय.

ते पैसे आत्ता मोडू नका. भुसावळ किंवा जळगावला, घरून जाऊन-येऊन जमेल अशा कॉलेजात तिला नियमित बी.कॉम. करू द्या. रोज वर्गात बसून.

सीएला जायच्या वाटा दोन. बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा द्यायची, नाहीतर बी.कॉम. किमान ५५ टक्क्यांनी करून थेट इंटरमिजिएटला, म्हणजे सीएच्या दुसऱ्या टप्प्याला, नोंदणी करायची. फाउंडेशन तिने जरूर द्यावी, कॉलेज करता करता देता येते. पण प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण सरासरी ५० टक्के लागतात. चारही पेपरात ४५ मिळवूनही नापास झालेली हुशार मुलं माझ्यासमोर रडली आहेत. अशा वेळी हाती चांगली डिग्री असली तर दुसरी वाट उघडी राहते. नाव घालून ठेवलेली बी.कॉम. ४८ टक्क्यांवर आली, तर तीही बंद.

पण मला जास्त काळजी वेगळीच वाटते. अकाउंट्स पाठ करून बारावीत मार्क मिळतात; पुढे तेवढ्यावर भागत नाही. तुमच्याच शेताचं बघा. मृगबाग जूनमध्ये लावली. रोपं, खतं, मजुरी, लाइट बिल सगळं होऊन गेलं, आणि ३१ मार्चला बाग उभीच आहे, घड कापायचे बाकी. मग हा खर्च कोणत्या वर्षाचा? या वर्षी टाकला तर नुसता तोटा दिसेल, पुढच्या वर्षी फुकटचा नफा. ड्रिपचा संच पाच-सात वर्षं चालणार, तो एकाच वर्षाच्या खर्चात धरायचा का? व्यापाऱ्याने कापणीआधी दिलेली उचल हे उत्पन्न की देणं? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून घरोघरी हे हिशेब कुणी मांडतच नाही. तिला मांडायला सांगा. कॉलेज उघडेपर्यंत एका वहीत बागेची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (खात्यांप्रमाणे मांडणी) आणि शेवटी तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा मेळ). तेरीज जुळली नाही तर तुम्ही दोघं रात्री बसून चूक शोधा. घसारा (ड्रिपसारख्या वस्तूची दरवर्षी उतरणारी किंमत) आणि येणी-देणी तिला तिथे जितकी कळतील, तितकी कुठल्याही क्लासात कळणार नाहीत. कॉलेजची तीन वर्षं याच समजुतीसाठी असतात.

मराठी माध्यमाची धास्ती नको. खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. त्याच वहीत समोरासमोर दोन्ही शब्द लिहीत गेली की वर्षभरात इंग्रजी पुस्तक परकं वाटणार नाही. सीएची परीक्षा हिंदीतूनही देता येते, पण ऑफिसचं काम बहुतेक इंग्रजीत चालतं, तेव्हा तिने इंग्रजीच धरावी.

इंटरचे, म्हणजे इंटरमिजिएटचे, पेपरांचे दोन्ही ग्रुप निघाले की सीएच्या हाताखाली दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, असते. ती जळगावला करायलाही माझी हरकत नाही. डाळ मिल, जिनिंग, सराफी, केळीचे व्यापारी, इतक्या तऱ्हेची कामं तिथे हाताखालून जातात. जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा जीएसटी शेतकऱ्याने नाही, त्याने स्वतः भरायचा असतो. असल्या गोष्टी तिथे रोजच्या कामात कळतात.

आणि सीए नाहीच झाली, तर पदवीनंतर सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटरमिजिएटला थेट जाता येतं, बँकेच्या परीक्षा आहेत, टॅली-जीएसटी नीट येणाऱ्या अकाउंटंटला व्यापारी शोधत असतात.

एक गोष्ट खटकली. एवढ्या लांब पत्रात पोरीचं स्वतःचं म्हणणं एका ओळीचं आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि सोबत त्या तेरजेचा फोटो पाठवा, जुळली असो वा नसो. पुण्याचं आपण इंटरच्या वेळी बोलू.